नाडी वर ने

आवाज सात होते. डोक्याच्या उजव्या बाजूला एक बारीक टिंग, ठराविक अंतरानं. त्याच्या जरा वर यंत्राचा सुस्कारा, जाताना लांब, येताना आखूड. समोर कुठंतरी भिंतीवर घड्याळाची टिकटिक. डावीकडं स्टीलच्या ट्रेमध्ये काहीबाही ठेवल्याचा खणखणाट. नळ, नीट बंद न केलेला. एसीची घरघर. आणि दोन माणसांचं बोलणं, ते योगितानं एकच आवाज म्हणून धरलं, कारण त्यातले शब्द अजून सुटे झाले नव्हते. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सातच भरले. मग तिनं डोळे उघडले. म्हणजे डोळ्यांना उघडायला सांगितलं, आणि डोळे उघडले नाहीत.

झोप आहे अजून, असं तिनं आधी धरलं. धारवाडला एम.एस्सी. करत होती तेव्हा सप्तापूरच्या खोलीत अभ्यास करता करता डोळा लागे, आणि जाग आली तरी अंग उठत नसे. घरमालकीण अंगणात भांडी घासताना ऐकू येई, पण हात आपला वाटत नसे. मिनिटभरात ते सुटायचं. म्हणून तिनं मिनिटभर वाट पाहिली, घड्याळाचे साठ ठोके मोजून. काही सुटलं नाही. मग क्रम लावला. उजव्या हाताची करंगळी. डाव्या हाताची. पायाचा अंगठा. जीभ. जिभेवरून काहीतरी जाड, कडक, प्लास्टिकचं घशात उतरलं होतं, आणि ते तिला अगदी स्वच्छ जाणवत होतं. पोटाच्या उजव्या कोपऱ्यातली ओढ जाणवत होती, पाठीखालच्या रेक्झिनची थंडी जाणवत होती. जाणवण्याच्या बाजूनं सगळं जागेवर होतं. सांगण्याच्या बाजूनं काहीच जागेवर नव्हतं. तेवढ्यात सुस्कारा आला आणि तिची छाती वर गेली. ती तिनं उचलली नव्हती. आत आलेली हवा तिनं घेतली नव्हती. तिनं स्वतः एक श्वास घ्यायचा म्हटलं, सगळा जीव लावून म्हटलं, आणि कुठंच काही हललं नाही. मग वेळ झाल्यावर यंत्रानं आपल्या सवडीनं पुढचा श्वास दिला.

भीती आली ती पायाकडून आली. ती येताना योगितानं एक गोष्ट ऐकली. उजवीकडची टिंग जवळजवळ पडायला लागली. टिंग, टिंग, टिंगटिंगटिंग. म्हणजे तो आवाज तिचा होता. सातांतला एक तिचाच होता, आणि हे इथं दुसऱ्या कुणाला माहीत असो नसो, आता तिला माहीत होतं.

"एकशे वीस," एका बाईचा आवाज म्हणाला. शब्द सुटे झाले होते. "दुखत असणार जखम. भारती, अर्धा सीसी भर." हा आवाज डॉक्टर सुकन्यांचा, भारती म्हणजे इथली नर्स. सकाळी अकराच्या सुमाराला त्या हेल्मेट काखेत धरूनच खाटेशी आल्या होत्या, दिवसातली तिसरी भूल द्यायला, आणि उभ्या उभ्याच त्यांनी कागदावरचे प्रश्न विचारले होते. दमा? नाही. साखर? नाही. रात्री काय खाल्लं? भाकरी आणि झुणका, मग उलटी. दात हलतोय का एखादा? नाही. मान वर करून दाखव. आणि मग कागद उलटून, "घरात कुणाला भुलीमुळं कधी काही झालं होतं? आईला, वडलांना, काका, आत्या, कुणालाही?" योगिताची आई कृष्णाबाई पिशवीतून तिची सलवार काढत होती, तिचा हात पिशवीतच थांबला. अप्पा, म्हणजे प्रेमानंद, रेल्वे कारखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले, खणखणीत म्हणाले, "नाही मॅडम. भुलीमुळं कुणाला काही नाही." सुकन्यांनी बरोबरची खूण केली. अप्पा खोटं बोलले नव्हते. हे आता, घशात नळी असताना, योगिताला फार स्पष्ट दिसलं. अप्पा त्यांना माहीत असलेलं खरं बोलले होते. कुसुमआत्या भुलीमुळं गेली नव्हती. कुसुमआत्या भीतीनं गेली होती.

अर्धा सीसी हातातून वर चढला, कोमट, आणि सातही आवाज पाण्याखाली गेले.

पुन्हा वर आली तेव्हा एक पुरुष बोलत होता. डॉक्टर उमेश, हे नवनगरमधलं बारा खाटांचं नर्सिंग होम त्यांचंच. त्यांनीच सकाळी पोट दाबून, हात एकदम सोडून, ती किंचाळल्यावर, "अपेंडिक्स. आजच काढायचं, फुटायच्या आत," असं सांगितलं होतं. "गॅस बंद करून पस्तीस मिनिटं झाली, सुकन्या. अपेंडिक्स काढायला मला तेवढी लागली नाहीत."

"ऑक्सिजन एकदाही खाली आलेला नाही, सर. रक्तदाब उत्तम."

"मग उठत का नाही? मेंदूला काही..."

"बुबुळं बरोबर आहेत. फक्त हालचाल नाही. श्वासही नाही."

"नळी आहे म्हणून आळशीपणा करतंय शरीर. काढून बघ. काढली की घेतं आपोआप, मी पाहिलंय कितीदा."

नळ ठिबकला. घड्याळ चाललं होतं. "पाऊण वाजलाय," सुकन्या म्हणाल्या. "एक वाजेपर्यंत थांबू. मग काढून बघू."

योगितानं ते वाक्य समोर ठेवलं आणि सगळ्या बाजूंनी पाहिलं, तारिहाळच्या वजन-मापाच्या प्रयोगशाळेत, जिथं ती नोकरी करते, तिथं टेबलावर आलेलं मोजमापाचं साधन ती पाहते तसं. नळी निघेल. यंत्र बंद होईल. शरीर आपोआप घेईल, असं डॉक्टर उमेश म्हणतात. शरीराला तिनं मघाशी सांगून पाहिलंय. पंधरा मिनिटं. एका सुस्काऱ्यात घड्याळाचे पाच ठोके बसतात, म्हणजे मिनिटाला बारा श्वास, म्हणजे तिच्याजवळ यंत्राचे एकशे ऐंशी श्वास होते, आणि त्यांतले चार हा हिशेब करण्यात गेले होते.

तिच्या घरात भित्र्या मुलाला एक शब्द होता. इंजेक्शनला रडलं, अंधारात न्हाणीघरात जायला कचरलं, परीक्षेच्या सकाळी पोट दुखलं, की कुणीतरी म्हणायचं, "कुसुम करू नको." शिवी नव्हे, कौतुकानंही म्हणायचे. योगिताला दहा वर्षांची होईपर्यंत हे कुणा माणसाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं, खोकणं, शिंकणं तसं काहीतरी वाटायचं. मग एकदा आईनं पत्र्याच्या पेटीतून फोटो दाखवला. एकोणीस वर्षांची मुलगी, दोन वेण्या, फोटोग्राफरकडं रोखून बघणारी. टॉन्सिल काढायला नेली होती. ऑपरेशन बरं झालं. मग श्वासच घेतला नाही. "घाबरट होती गं बाई," आई म्हणाली, "भीतीनं हृदय बंद पडलं म्हणून सांगितल्यात डॉक्टरांनी," आणि फोटो पालथा ठेवला. त्या फोटोतली नजर भित्री वाटत नाही, असं योगिता त्या वेळी म्हणाली होती. फोटोत काय कळतंय, आई म्हणाली. आता, एकशे सत्तर श्वास उरले असताना, त्या मुलीच्या बाजूला झोपल्यासारखं योगिताला वाटलं. तीही असंच ऐकत होती. तिनंही करंगळीपासून सुरुवात केली असेल. भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज, कुणीतरी म्हणालं असेल, काढा आता, घेईल. अठ्ठावीस वर्षं घरात सगळ्यांनी मिळून ज्या गोष्टीची चेष्टा केली, ती गोष्ट भीती नव्हतीच. ती ही होती. कशी आहे ते सांगायला ती परत आली नाही, एवढाच तिचा दोष.

टिंग जवळ यायला लागली. नको, योगिता स्वतःशी म्हणाली. वर गेली की दुखतंय समजून अर्धा सीसी देतात, आणि त्या अर्ध्या सीसीत पंधरा मिनिटं बुडतील. नुसता वर गेलेला आकडा कुणालाच काही सांगत नाही. तो दुखण्यानंही जातो, तापानंही जातो. प्रयोगशाळेत नव्या पोरांना ती हेच शिकवत असे. काटा हलला म्हणून आनंदू नका, काटा टेबलाच्या धक्क्यानंही हलतो. तुम्ही वजन ठेवल्यावर हलला, काढल्यावर परत आला, पुन्हा ठेवल्यावर पुन्हा तेवढाच हलला, तरच ते वजन. तिच्याजवळ एकच काटा होता. तो तिला ठेव-काढ करून हलवायचा होता.

आधी खाली आणायला हवं होतं. खाली आणणं सोपं निघालं. तारिहाळच्या शेडमध्ये, लेथ आणि प्रेसच्या दणदणाटात, त्यांची ती एक खोली आहे, दुहेरी दारांची. आत नाजूक तराजू. वजनाला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचं, पारड्यात ठेवायचं, काचेचं दार सरकवायचं आणि दोन पावलं मागं येऊन थांबायचं, कारण माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा तराजूला कळते. शेवटचा आकडा वर खाली, वर खाली करत राहतो. त्याच्याकडं बघत थांबायचं. तो थांबेपर्यंत आपणही थांबायचं. बाहेर प्रेस पडते, जमीन हादरते, आकडा बिचकतो, पुन्हा स्थिर होऊ लागतो. त्या थांबण्याचा तिला पगार मिळत होता, आणि ते थांबणं तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीहून आवडत होतं. तीन श्वासांत बावीस टिंग होत्या, त्या वीस झाल्या, मग एकोणीस. म्हणजे मिनिटाला शहात्तर.

वर न्यायला काय आहे आपल्याजवळ? सप्तापूरच्या बोळात मागं लागलेलं कुत्रं तिनं काढून पाहिलं. कुत्रं धावलं, तीही धावली, टिंग ढिम्म. अप्पांच्या हातावर कारखान्यात तापलेला पत्रा पडला तो दिवस. वाईट वाटलं, पण वीसच. एम.एस्सी.चा निकाल लागला, विद्यापीठाच्या पायऱ्यांवर अप्पांना फोन केला, ते. एकवीस. दुःख, आनंद, जे जे तिनं आयुष्यातलं मोठं म्हणून जपून ठेवलं होतं ते पारड्यात ठेवलं तर वजनच भरेना. वीसेक श्वास त्यात गेले. आणि मग, शोधत नसताना, गेल्या मे महिन्यातली दुपार आली. अळणावरहून मामा आला होता, सोबत साकेत. सगळ्यांनी आंबे खाल्ले. मामा हात धुता धुता म्हणाला, "मग काय, अक्का, पोरीला घेऊन जातो आमच्याकडं," आणि सगळे हसले, कारण ते ठरलेलंच होतं. पणजोबांनी मामाची मुलगी केली, आजोबांनी केली, अप्पांनी केली, आता योगितानं मामाच्या मुलाकडं जायचं. अप्पा विहारात दर रविवारी मुहूर्त आणि पत्रिकेविरुद्ध तासभर बोलत, लोक टाळ्या वाजवत. पण या एका गोष्टीत त्यांना काही खटकत नसे. आपल्यात चालतं, म्हणत. साकेत चांगला होता, तीच तर पंचाईत होती. तो खाली बघून कोय चोखत होता. आणि योगिता म्हणाली, "मामा, मी येणार नाही." हसणं थांबलं. "तीन पिढ्या घरातल्या घरात झाल्या. मी चौथी होणार नाही. साकेतमध्ये काही वाईट नाही. मला नकोय." आई उठून आत गेली आणि तिनं रिकामा मिक्सर चालू केला. योगिता ताट घेऊन उठली तेव्हा तिच्या कानात रक्त वाजत होतं, आणि

टिंगटिंगटिंगटिंग. सत्तावीस. तीन श्वासांत सत्तावीस! म्हणजे एकशे आठ. तिला हसू आलं, कुठंच न उमटणारं. वजन सापडलं होतं.

त्यावर ती बारा श्वास राहिली. एक मिनिट. मामाच्या तोंडावरचं ओशाळं हसू, कोय, मिक्सर, मी येणार नाही. मग सोडलं. दुहेरी दारं लोटून आत गेली, काच सरकवली, दोन पावलं मागं. बारा श्वास. एकोणीस. पुन्हा मे महिना. या वेळी वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं, मनात ओरडून म्हटलं. सव्वीस. पुन्हा तराजू. बाहेर काय चाललंय ते ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी ऐकू आलं. भारती कुणाशी तरी फोनवर कानडीत कुजबुजत होती, ऊट आग्लिल्ल, जेवण व्हायचंय अजून. डॉक्टर उमेश बाहेर गेले होते. सुकन्यांचा फोन वाजला, त्यांनी तो घेतला नाही. तिसरा चढ. या वेळी मे महिना जरा बोथट लागला, वापरून वापरून, चोवीस. योगितानं त्यात साकेतचं एक वाक्य मिसळलं, गेटपर्यंत सोडायला गेली तेव्हा त्यानं खालच्या आवाजात म्हटलेलं, "योगिता, बरं केलीस. मला बोलायचं धाडस नव्हतं." हे वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सत्तावीस. अठ्ठावीस. आणि उतार. उरलेले श्वास तिनं मोजले, ऐंशीच्या आत होते.

"भारती, इकडं ये," सुकन्या म्हणाल्या.

"काय मॅडम."

"हे बघ. आलेख बघ मागच्या पाच मिनिटांचा. करवतीसारखा दिसतोय."

"वायर ढिली असेल. कालपण तसंच..."

"ढिली वायर मिनिटाला मिनिट मोजून वर खाली होत नाही." खुर्ची सरकली. मग आवाज अगदी कानाशी आला, त्याला वेलदोड्याचा वास होता. "योगिता. मी सुकन्या. तू जागी आहेस का? ऐकू येत असेल तर नाडी वर ने."

आता मे महिन्याची गरजच पडली नाही. टिंग अशी उधळली की भारती ओरडली, "अय्यो देवरे! एकशे सोळा! नोडरी, बघा मॅडम, एकशे वीस!"

"गप. योगिता, आता खाली आण. घाई नको. जमेल तशी आण."

हे अवघड होतं. कुणीतरी ऐकलं होतं, आणि त्यानंतर तराजूपुढं थांबणं म्हणजे वरातीत उभं राहून सुईत दोरा ओवणं. पण दारं होती, काच होती, दोन पावलं होती. भारती आकडे वाचत होती, आधी कापऱ्या आवाजात, मग शाळेत पाढे म्हणावेत तशी. "एकशे दहा. शंभर. ब्याण्णव. शहाऐंशी. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर, मॅडम, अठ्ठ्याहत्तरवर थांबलीय."

"पुन्हा वर."

"एकशे चार!"

कुणीतरी कपाळावर हात ठेवला. "शाबास," सुकन्या म्हणाल्या. "मेंदू ठणठणीत आहे तुझा. माझ्यापेक्षा बरा चाललाय. ऐक. नळी घालताना मी एक औषध दिलं, अंग सैल करायला. माणसाच्या रक्तात ते पाच-दहा मिनिटांत विरतं. तुझ्या रक्तात विरत नाहीय. वाट बघितली की उतरेल, नक्की उतरेल, फक्त तास लागतील. तोवर श्वास यंत्र देईल आणि मी इथून हलणार नाही. नळी कुणी काढणार नाही. कळलं?" दारात डॉक्टर उमेश आले असावेत, कारण हेच शेवटचं वाक्य त्या पुन्हा म्हणाल्या, वेगळ्या दिशेला तोंड करून. "बरोबर आहे," डॉक्टर उमेश म्हणाले. "बरं झालं थांबलीस." मग फोन लावून ते कुणाला तरी सांगू लागले की आजची बाकीची ऑपरेशनं उद्यावर.

सुकन्यांनी डोळ्यांवरची चिकटपट्टी काढली आणि एक पापणी बोटानं उचलली. उजेडात एक धुरकट, गोल, हिरवी टोपी घातलेलं तोंड होतं. योगितानं ते पाहिलं. "झोपेचं औषध देते तुला आता. हवं ना? हवं असेल तर खाली आण, थांबायचं असेल तर वर ने."

झोप हवी होती. पोटातली ओढ आता सरळ दुखणं झाली होती, घसा सोलवटला होता. पण अजून एक गोष्ट ऐकायची राहिली होती, आणि ती दुसरं कुणी विचारणार नव्हतं. तिनं वर नेली.

"एकशे दोन," भारती म्हणाली. "नको म्हणतीय."

"का बरं?" सुकन्या स्वतःशीच म्हणाल्या. "का बरं नको..." मग केसपेपर उलटला, सकाळचा घरच्यांविषयीचा प्रश्न त्या पुन्हा पुटपुटल्या. "भारती, हिच्या वडलांना गाऊन घालून आत आण."

अप्पा आले ते पायांतल्या हिरव्या सपाता घासत आले. एरवी दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस. सुकन्यांनी त्यांना आधी सांगून टाकलं, पोरगी जागी आहे, ऐकतेय, बोलू शकत नाही. मग विचारलं, "सकाळी मी विचारलं होतं, भुलीमुळं घरात कुणाला काही झालं का. पुन्हा आठवा."

"भुलीमुळं नाही हो मॅडम."

"मग कशामुळं?"

एसी घरघरला. "माझी धाकटी बहीण होती. टॉन्सिलला नेलेलं. ती भीतीनं..." अप्पा थांबले. "घाबरट होती जरा."

"ऑपरेशन नीट झालं होतं?"

"होय की. झालं म्हणून बाहेर येऊन सांगितले सुद्धा."

"मग?"

"मग नळी काढले. आणि श्वासच घेतली नाही तिनं." हे वाक्य अप्पांनी अठ्ठावीस वर्षांत कितीदा म्हटलं असेल, पण या खोलीत, यंत्राच्या दोन सुस्काऱ्यांच्या मध्ये म्हटल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी यंत्राकडं पाहिलं असावं.

सुकन्यांनी हळू विचारलं, "लग्नं घरातच होतात तुमच्यात?"

"मामाची पोरगी केली मी. आमच्या वडलांनीपण."

"रक्तात एक पदार्थ असतो, या औषधाला विरवणारा. एखाद्या घराण्यात तो जन्मापासूनच कमी असतो. एरवी त्याचा काही त्रास नसतो, माणूस शंभर वर्षं जगेल. फक्त हे एक औषध दिलं तर अंग सैल पडतं ते पडतंच. तपासणी करू आपण हिची, तुमची, सगळ्यांची. पण मला वाटतं तुमच्या बहिणीचंही हेच झालं. ती घाबरली नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता."

टिंग एकसारखी पडत होती. अप्पा खाटेच्या कडेला आले. त्यांच्या हाताला सकाळच्या काड्यापेटीच्या, विडीच्या, रोजच्याच वासावर स्पिरिटचा वास चढला होता. "रिक्षात माझा हात धरून बसली होती," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. "मी म्हटलो, काय घाबरतीस, मी हाय की. हसली. अशी हसली, मॅडम. घाबरलेलं माणूस हसतंय होय?" मग त्यांचा आवाज फुटला, आणि हा आवाज फुटलेला योगितानं कधी ऐकला नव्हता, पत्रा पडला त्या दिवशीही नाही. "भित्री नव्हती ती. आम्हीच पोरांना चिडवत बसलो, सगळे मिळून. मी सुद्धा."

"एकशे चौदा," भारती म्हणाली. "मॅडम, वर चाललीय."

"अप्पा रडायला लागले म्हणून," सुकन्या म्हणाल्या.

योगिता दारं लोटून आत गेली. आजवर तिथं ती एकटीच जाई. आता अप्पांना आणि त्या दोन वेण्यांच्या मुलीलाही सोबत घेतलं, तिघांना जेमतेम जागा होती. काच सरकवली. हात मागं. आकडा बिचकत होता, त्याच्याकडं बघत तिघं थांबली. "शंभर," भारती म्हणाली. "त्र्याण्णव. चौऱ्याऐंशी." अप्पांचं हुंदके देणं त्या आकड्यांना अडखळून कमी होत गेलं, कारण ते ऐकत होते. "शहात्तर. चौऱ्याहत्तर, अण्णा, बघा, तुमच्यासाठी खाली आणलीय बघा पोरीनं." अप्पांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "योगे, तू झोप आता. मी दारातच बसतोय." आणि जाता जाता, मागं वळून, जरा ठसक्यात: "मामाला काय सांगायचं ते मी सांगतो. बरोबर होतीस तू."

मग झोपेचं औषध आलं. ते तिनं येऊ दिलं.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी होतं. एकदा आईचा हात, हळदीचा, केसांतून फिरणारा. एकदा भारती कुणाला तरी सांगत होती, दहाव्यांदा तरी, "मी आकडे वाचायलेय आणि ती आपली वर खाली, वर खाली!" एकदा सुकन्या डबा खात होत्या, उभ्यानंच, दुसरा हात यंत्रावर. झोपेचं औषध बंद केल्याचं त्यांनी कानाशी येऊन सांगितलं तेव्हा खिडकीतला उजेड बदलून तिरपा झाला होता, आणि योगिताच्या लक्षात आलं की तो उजेड ती पाहतेय. पापणी कुणी उचललेली नव्हती. ती जड होती, कडेला जेमतेम केसभर उघडी, पण ती तिनं उघडली होती.

यंत्र सुस्कारलं. छाती वर गेली, खाली आली. पुढचा सुस्कारा यायला अजून तीन ठोके होते. त्या तीन ठोक्यांच्या रिकाम्या जागेत योगिता खाली उतरली, बरगड्यांच्या खाली, जिथं मघाशी काहीच नव्हतं. आता तिथं काहीतरी होतं. अंधारात भिंत चाचपताना बटण हाताला लागावं, तसं. तिनं त्याला सांगितलं. ते जरासं खाली सरकलं, आणि तिच्या घशातून एक बोटभर हवा आत आली, यंत्राच्या आधी, यंत्राला न विचारता. यंत्रानं लाल दिवा लावून कुरकुर केली. सुकन्या डबा टाकून धावल्या. "काय केलंस? काय केलंस ते पुन्हा कर!" तिनं केलं. पोटाचे टाके ओढले गेले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी केलं. नळीतून, सोलवटलेल्या घशातून, नवनगरच्या त्या दुपारची हवा ओढून घेतली, मागच्याहून जास्त. "आई," भारती दाराकडं ओरडली, "अण्णा, या, या आत, सपाता राहू देत!" सुकन्यांनी यंत्राची एक कळ फिरवली, त्याला गप्प केलं आणि पडद्यावर हवेच्या मापाशी बोट ठेवलं. "आता यंत्र काही देणार नाही. तू एकटी. चाळीस आहे. चल. एकशे दहा. चल, चल. दोनशे साठ." बरगड्या दोन्हीकडून दारांसारख्या उघडत होत्या. हवा थंड होती, तिला प्लास्टिकचा वास होता, आणि ती कुणी दिलेली नव्हती. अप्पा अनवाणी आत आले, त्यांच्यामागं आई. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली, यंत्राच्या पडद्याकडं बघत, ज्यातलं त्यांना काहीही वाचता येत नव्हतं. योगितानं आधीची सगळी हवा बाहेर सोडली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग घेतली.

सुकन्यांनी खिशातलं पेन काढून केसपेपरवर वेळ टाकली, चार वाजून बारा मिनिटं, आणि पुढं लिहिलं: स्वतःचा श्वास, चारशे तीस मिलिलिटर.